काकरापारला काही झालं तर निरोप कुणाकडून कुणापर्यंत जातो

विचारणारे बडोद्यात दांडिया बाजारात राहतात आणि त्यांची बहीण व्याऱ्याला दिलेली आहे. दक्षिण गुजरातेतल्या काकरापारच्या अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला तर देशात जबाबदारी नेमकी कुणाची, बहिणीने घर सोडायचं की नाही हे कोण ठरवणार, आणि बडोद्यात आपण आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवाव्यात का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. माझी सगळी नोकरी किरणसंरक्षणात गेली, त्यातली बरीचशी आणीबाणीचे आराखडे तयार करण्यात आणि त्यांच्या कवायती बघण्यात. आता बडोद्यातच असते. उत्तर लांब होईल, कारण बडोद्याचं उत्तर वेगळं आहे आणि व्याऱ्याचं वेगळं.

आधी अंतर बघा. काकरापारहून बडोदा सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर, तर व्यारा जेमतेम १५ किलोमीटर. भारतातल्या प्रत्येक अणुवीज केंद्राभोवती कागदावर वर्तुळं आखलेली असतात. सगळ्यात आतलं, परंपरेने १.६ किलोमीटरचं, तिथे वस्ती नसते आणि जमीन केंद्राच्याच ताब्यात असते. त्यानंतर ५ किलोमीटरपर्यंतचा पट्टा, जिथे गावं असतात पण मोठा कारखाना किंवा नवी वसाहत आणून लोकसंख्या वाढवू देत नाहीत. आणि १६ किलोमीटरपर्यंतचं आणीबाणी नियोजनाचं क्षेत्र. तुमची बहीण या शेवटच्या वर्तुळात काठाजवळ येते. तुम्ही त्याच्या कितीतरी बाहेर आहात.

हा १६ चा आकडा अमेरिकेतल्या दहा मैलांशी जुळतो. १९७९ च्या थ्री माइल आयलंड अपघातानंतर तिथे दहा मैलांचं क्षेत्र हवेतून येणाऱ्या धोक्यासाठी आणि पन्नास मैलांचं अन्नपाण्याच्या तपासणीसाठी पक्कं झालं. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर जपानने ५ आणि ३० किलोमीटर अशी दोन वर्तुळं केली. फ्रान्सने आपलं १० चं वर्तुळ २० पर्यंत वाढवलं. म्हणजे सोळाव्या किलोमीटरनंतर धोका संपतो असं कुणीच म्हणत नाही. या वर्तुळाच्या आत गावागावाची यादी, रस्ते, जमण्याच्या जागा, डॉक्टर, वाहनं हे सगळं आधीच ठरलेलं असलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. बाहेर प्रसंग बघून ठरवायला वेळ मिळतो.

आता जबाबदारी. केंद्रातल्या आणीबाणीच्या तीन पायऱ्या आहेत. बिघाडाचा परिणाम संयंत्राच्या आतच राहणार असेल तर संयंत्र आणीबाणी. केंद्राच्या कुंपणाच्या आत पसरणार असेल तर स्थळ आणीबाणी. आणि कुंपणाबाहेर लोकांपर्यंत पोचण्याची शक्यता असेल तर बाह्य आणीबाणी. पहिल्या दोन पायऱ्यांवर सूत्रं केंद्राच्या प्रमुखाकडे असतात. तिसऱ्या पायरीवर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. केंद्राचे लोक त्यांना भट्टीची स्थिती, किती आणि कोणता किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडू शकतो याचा अंदाज आणि वाऱ्याची दिशा सांगतात, शिफारसही करतात. पण गाव हलवा, शाळा बंद करा, गोळ्या वाटा, दूध थांबवा हे हुकूम जिल्हा प्रशासनाचे असतात.

कलेक्टरला अणुभट्टीतलं काय कळतं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. मला मात्र ही रचना अगदी योग्य वाटते. भौतिकशास्त्रज्ञाकडे एसटी बस नसतात, पोलीस नसतात, रेशनचा तांदूळ नसतो आणि कुठल्या गावचा तलाटी रात्री फोन उचलतो हेही त्याला ठाऊक नसतं. लोकांना वाचवायचं काम महसूल, पोलीस, आरोग्य आणि परिवहन यांचंच आहे, मग कारण पूर असो की किरणोत्सार.

वरच्या बाजूला अणुऊर्जा विभाग हा या आणीबाणीसाठी केंद्र सरकारचा प्रमुख विभाग. त्याचा संकट व्यवस्थापन गट १९८७ पासून आहे, म्हणजे चेर्नोबिलनंतर वर्षभरात उभा राहिला, आणि त्याचे नियंत्रण कक्ष मुंबईत चोवीस तास चालतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालचं राष्ट्रीय प्राधिकरण आलं. त्याने अणू आणि किरणोत्सारी आणीबाणीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये काढली. मंत्रालयांमधला समन्वय कॅबिनेट सचिवांच्या समितीकडे. एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, जवान प्रत्यक्ष मैदानात. त्यांची सहावी बटालियन आपल्या बडोद्याजवळ जरोदला आहे, हे बडोदेकरांना पुराच्या बोटींमुळे माहीत असेल. त्यांच्या तुकड्यांना किरणोत्साराचंही प्रशिक्षण असतं. गुजरातमध्ये भूजच्या भूकंपानंतर २००१ मध्येच राज्याचं प्राधिकरण झालं आणि २००३ मध्ये त्याचा कायदा, म्हणजे देशाच्या कायद्याच्याही आधी. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे. ते मदतीला धावत नाही. आराखडा तपासणं, कवायतीला निरीक्षक पाठवणं आणि आराखड्याशिवाय भट्टी सुरू होऊ न देणं हे त्याचं काम.

देशाबाहेरची एक कडीही सांगते. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ ला झाला, तेव्हा सोव्हिएत संघाने शेजाऱ्यांना कळवलंच नाही. पोलंडला स्वतःच्या मापनकेंद्रांवरून सुगावा लागला. त्याच वर्षी तातडीच्या सूचनेचा आणि परस्पर मदतीचा असे दोन आंतरराष्ट्रीय करार झाले आणि भारत दोन्हींत आहे.

खरा कळीचा मुद्दा पुढे आहे: हा निर्णय कशावरून घ्यायचा? सामान्य समज असा, की मापकावर आकडा वाढला की भोंगा वाजवायचा. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर किरणोत्सार मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं आहे आणि प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षणाची प्रयोगशाळा असते. भट्टी सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून ती माती, पाणी, दूध, भाजी, मासे यांचे नमुने मोजत असते. हे सगळं हवंच. पण गावातला मापक आकडा दाखवू लागेपर्यंत थांबलो, तर ढग गावावर आलेला असतो. म्हणून निर्णय भट्टीच्या स्थितीवरून घ्यायचा: शीतकरणाचे पंप चालू आहेत का, वीज आहे का, इंधन पाण्याखाली आहे का, बाहेरचं काँक्रीटचं कवच शाबूत आहे का. यातल्या अमुक गोष्टी एकदम गेल्या तर बाहेर काही पडलेलं नसतानाही पुढची पायरी जाहीर करायची. फुकुशिमानंतर जगभर या पद्धतीवर भर वाढला आणि आपल्याकडेही.

याचं कारण भट्टीच्या स्वभावात आहे. भट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहतं. बंद केल्याक्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास. काकरापारच्या ७०० मेगावॉटच्या नव्या भट्ट्यांमध्ये हा दीड टक्का म्हणजे सुद्धा तीसेक मेगावॉट उष्णता. ती काढून न्यावीच लागते. आपल्या जडपाण्याच्या भट्ट्यांना एक सोय आहे, इंधनाच्या नळ्यांभोवती थंड जडपाण्याची मोठी टाकी आणि तिच्याभोवती साध्या पाण्याचा हौद असतो, त्यामुळे काही तासांची उसंत मिळते. या उसंतीत काय करता येतं ते उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्राने दाखवलं. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तिथल्या टर्बाइनची पाती तुटली, आग लागली, केबल जळाल्या आणि सुमारे सतरा तास केंद्रात वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी आगीसाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी वाफेच्या जनित्रांत पाणी सोडून उष्णता काढली. बाहेर किरणोत्सार गेला नाही. अंधारात, धुरात, हातात टॉर्च घेऊन लोकांनी हे केलं आहे. तयारीवर बोलताना मी नेहमी त्यांचा उल्लेख करते.

काकरापारने स्वतःही दोनदा धडा घालून दिला आहे. जून १९९४ च्या अतिवृष्टीत पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. त्या वेळी पहिली भट्टी बंद होती आणि दुसरीचं काम चालू होतं. पुढे पाणी आत येण्याच्या वाटा बंद केल्या गेल्या. फुकुशिमाच्या सतरा वर्षं आधी पुराचा धोका आपल्याला दिसला होता. दुसरा प्रसंग ११ मार्च २०१६ चा. पहिल्या भट्टीच्या एका शीतकरण नळीतून गळती झाली, भट्टी आपोआप बंद झाली आणि संयंत्र आणीबाणी जाहीर झाली. ती २१ मार्चला उठली. कुंपणाबाहेर काही करावं लागलं नाही. पण ते दहा दिवस सुरतेपासून बडोद्यापर्यंत लोक एकमेकांना काय काय सांगत होते ते आठवा. ‘आणीबाणी’ एवढाच शब्द पोचला, कोणत्या पायरीची तो तपशील पोचला नाही. तीन पायऱ्यांची ही माहिती शाळेच्या पुस्तकात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर असायला हवी. संकट आल्यावर ती समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो, आणि ऐकणाऱ्याला धीरही नसतो.

आता बहिणीच्या गावाकडे येऊ. १६ किलोमीटरचं वर्तुळ सोळा पाकळ्यांत वाटलेलं असतं. वारा ज्या दिशेने वाहतो ती पाकळी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्या, एवढाच भाग आधी हाती घेतात. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा ढग ईशान्येकडे सरकेल. हिवाळ्यात दिशा उलटते. म्हणून ‘व्यारा धोक्यात आहे का’ या प्रश्नाला बारमाही एकच उत्तर नाही. त्यात आणखी एक गुंता आहे. केंद्र तापी जिल्ह्यात, आणि तापी जिल्हा २००७ मध्ये सुरतेतून वेगळा निघाला. केंद्राच्या पश्चिमेला अगदी जवळ असलेलं मांडवी (आपल्या बडोद्यातली मांडवी नव्हे) सुरत जिल्ह्यातच राहिलं. त्यामुळे एकाच वर्तुळात दोन कलेक्टर, दोन पोलीस अधीक्षक आणि दोन आरोग्य यंत्रणा येतात. कागदावर समन्वय लिहिलेला असतोच. रात्री दोन वाजता तो कसा चालतो हे कवायतीतच कळतं.

कवायतींची वारंवारता ठरलेली आहे: संयंत्र आणीबाणीची दर तीन महिन्यांनी, स्थळ आणीबाणीची वर्षातून एकदा आणि बाह्य आणीबाणीची दोन वर्षांतून एकदा. पहिल्या दोन प्रकारांत आपल्या केंद्रांची शिस्त मी जवळून पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मला अभिमान आहे. तिसऱ्या प्रकाराबद्दल तसं म्हणवत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालानेही बाह्य कवायतींमध्ये तयारी अपुरी दिसली असंच नोंदवलं होतं. कवायतीची तारीख आधी कळलेली असते. त्या दिवशी जीप धुतलेली, लाउडस्पीकर तपासलेला, सरपंच हजर, दोन-तीन गावं निवडलेली. निरोप वीस मिनिटांत पोचला अशी नोंद होते आणि ती खरीही असते, त्या दिवसापुरती. एवढ्यावर समाधान मानू नये असं माझं मत आहे. वर्षातून एकदा, दिवस न सांगता, रात्री फक्त निरोपाची साखळी तपासावी. कुणाला घराबाहेर काढू नये, गोळी वाटू नये. शेवटच्या फळियातल्या, म्हणजे वस्तीतल्या, माणसाला फोन गेला का आणि किती वेळाने, एवढंच मोजावं. याला खर्च येत नाही.

शेवटची कडी किती नाजूक आहे हे सांगायला एकच उदाहरण पुरे. दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोड सुरू होते. मांडवी, बारडोली या सगळ्या पट्ट्यात डांग, नंदुरबार, धुळ्याकडून कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, येतात. नवराबायको आणि पोरंबाळं शेताच्या कडेला पडाव टाकून महिनोन् महिने राहतात. ताडपत्रीची, पाचटाची खोपटं. ही माणसं तलाट्याच्या यादीत नसतात, गावच्या मतदारयादीत नसतात आणि पुष्कळदा आशाताईच्या वहीतही नसतात. आराखडा म्हणतो, घरात जा, दारं-खिडक्या बंद करा. खोपटाला दार कुठलं बंद करणार? सूचना गुजरातीत दिली जाते. ही माणसं भिली, मावची, अहिराणी बोलतात. मोबाइल असतो, पण चार्जिंगला गावातल्या दुकानात लावलेला असतो. राष्ट्रीय प्राधिकरणाची ‘सचेत’ यंत्रणा आता ठरावीक भागातल्या सगळ्या मोबाइलवर स्थानिक भाषेत संदेश पाठवू शकते, ही मोठी सुधारणा आहे, पण बंद फोनवर तोही वाजत नाही. यावर उपाय आहे आणि साधा आहे. साखर कारखान्याकडे प्रत्येक मुकादमाचं नाव, त्याच्या टोळीत किती कोयते आणि पडाव कुठल्या गावाच्या शिवारात आहे याची नोंद असते, कारण त्यावरच ऊसतोडीचा कार्यक्रम ठरतो. ही नोंद दर हंगामाला मामलतदाराकडे गेली आणि पडावांसाठी जवळची पक्की शाळा आधीच नेमून ठेवली, तर निम्मं काम झालं. मी हे बैठकांमध्ये मांडत आले आहे आणि अजूनही मांडते.

घर सोडायचं की घरात थांबायचं, हा बहिणीचा प्रश्न. बहुतेकांना वाटतं की पळणं हाच बचाव. फुकुशिमाने याचं फार महाग उत्तर दिलं आहे. तिथे दीड लाखांच्या आसपास लोकांनी घरं सोडली. फुताबा रुग्णालय आणि त्याला लागून असलेल्या वृद्धाश्रमातल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घाईघाईने बसमध्ये घालून तासन् तास फिरवलं गेलं. त्या धावपळीत चाळीसहून अधिक जण दगावले, किरणोत्साराने नव्हे. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराच्या आणि नंतरच्या हालांमुळे झाले म्हणून नोंदलेले मृत्यू दोन हजारांवर आहेत. उलट चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यातमध्ये जवळपास पन्नास हजार लोकांना दीड दिवस काही सांगितलंच नाही. मुलं रस्त्यावर खेळत होती. दोन्ही टोकं वाईट.

म्हणून हुकूम येईपर्यंत पहिली कृती बहुधा एकच असते: पक्क्या घरात जाणं आणि थांबणं. वीट-सिमेंटच्या भिंती ढगाकडून येणाऱ्या किरणांचा चांगला भाग अडवतात आणि बंद दारामुळे श्वासातून आत जाणारे कण कमी होतात. पंखे, एसी, कूलर बंद. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधावेत आणि अंघोळ करावी. अंगावर बसलेली बरीचशी धूळ एवढ्यानेच जाते. एक गोष्ट फार कुणी सांगत नाही: ढग पुढे गेल्याचं जाहीर झालं की खिडक्या उघडायच्या, कारण तोपर्यंत आतली हवाच बाहेरच्यापेक्षा वाईट झालेली असू शकते. घरात थांबणं काही तासांसाठी, फार तर दिवसभरासाठी. त्याहून जास्त वेळ लागणार असेल, किंवा मोठा झोत येण्याआधी रस्ता मोकळा मिळणार असेल, तर हलवतात. बहिणीच्या घरात कुणी अंथरुणावर असेल, डायालिसिसवर असेल, दिवस भरत आलेली सून असेल, तर त्यांची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच करून ठेवावी. अशा माणसाला रुग्णवाहिका लागते, बस नव्हे.

आणि हो, गुरं. सोडून या म्हटलं तर शेतकरी येत नाही, किंवा येतो आणि संध्याकाळी धार काढायला परत जातो. पुरात बडोद्यात आपण हेच पाहतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा पाणी डोळ्यांना दिसत होतं, तरी लोक घर सोडत नव्हते. इथे तर दिसणारं काहीच नसतं. आभाळ निळं, भात उभा, विहीर भरलेली. अशा वेळी माणूस ऐकतो ते फक्त ज्याच्यावर आधीपासून विश्वास आहे त्याचं.

आयोडीनच्या गोळ्या. भट्टीच्या अपघातात बाहेर पडणाऱ्या पदार्थांपैकी आयोडीन-१३१ थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं, आणि लहान मुलांना त्याचा सर्वात जास्त धोका. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरलेली असेल तर किरणोत्सारी आयोडीनला जागा मिळत नाही, इतकंच या गोळीचं काम. सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थावर ती चालत नाही, बाहेरून येणाऱ्या किरणांवर चालत नाही. वेळ महत्त्वाची: किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याच्या आधीचे चोवीस तास ते नंतरचे दोन तास, फार तर आठ तासांपर्यंत उपयोग. चाळिशीनंतर फायदा कमी होतो आणि थायरॉइडचे आजार असलेल्यांना त्रास होऊ शकतो. पोलंडने १९८६ मध्ये काही दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीन दिलं, म्हणजे हे काम मोठ्या प्रमाणावर करता येतं. आपल्याकडे नियोजन क्षेत्रासाठी गोळ्यांचा साठा ठेवलेला असतो आणि हुकूम आल्यावर त्या आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत वाटतात. बहिणीने त्या हुकमाची वाट पाहावी. तुम्हाला बडोद्यात त्या आणून ठेवायची गरज नाही. १२० किलोमीटरवर प्रश्न उद्भवलाच तर तो श्वासापेक्षा अन्नाचा असेल आणि त्याचा उपाय गोळी नव्हे.

आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन भागेल का, हेही विचारतात. मोठ्या माणसाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. मिठात किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर साडेसहा किलोहून जास्त मीठ एका बैठकीत खावं लागेल. जखमेवर लावायचं बीटाडीन पिऊ नये. ते विष आहे.

अन्नाचा विषय निघालाच आहे, तर मला सर्वात जास्त जे सांगायचं ते दुधाबद्दल. चेर्नोबिलनंतर युक्रेन, बेलारूसमधल्या मुलांना थायरॉइडचे कर्करोग झाले ते मुख्यतः दुधामुळे. ढगातलं आयोडीन गवतावर बसतं, गाय दिवसभरात मोठं कुरण चरते आणि ते सगळं दुधात गोळा होऊन बाळाच्या वाटीत येतं. याउलट १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या भट्टीला आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध काही आठवडे ओतून टाकलं गेलं. दूध थांबवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. आणि गुजरातेत तो करायला जगात क्वचितच कुठे असेल अशी व्यवस्था तयार आहे. गावोगाव दूधमंडळी, सकाळ-संध्याकाळ संकलन, प्रत्येक सभासदाच्या लिटरची नोंद, टँकरचा ठरलेला मार्ग, आणि सुरत-तापीचं दूध सुमूल या सहकारी दूधसंघात. मंडळीच्या सचिवाला एक फोन गेला की त्या गावचं दूध त्या संध्याकाळी बाजारात येत नाही. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. ऐंशी दिवसांत हजारावा भाग उरतो. म्हणून ते दूध भुकटी करून, मोजून, तीन महिने बाजूला ठेवता येतं आणि शेतकऱ्याला पैसेही मिळू शकतात. पैशांची हमी आधी जाहीर केली पाहिजे. ती नसेल तर दूध मागच्या दाराने विकलं जाईल, आणि त्याबद्दल गरीब माणसाला दोष देता येणार नाही. मंडळीचे सचिव या कवायतीत मुख्य पात्र असायला हवेत, हे माझं ठाम म्हणणं आहे. चारा झाकून ठेवणं, गुरं गोठ्यात बांधणं आणि आधी साठवलेला कडबा घालणं हे शेतकरी स्वतः करू शकतो.

बडोद्याला १२० किलोमीटरवरून घाबरण्यापेक्षा शहरातल्या एका वेगळ्या धोक्याकडे लक्ष द्यावं. फर्टिलायझरनगरजवळच्या जडपाण्याच्या जुन्या कारखान्याबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते. जडपाणी किरणोत्सारी नाही, तिथे अणुभट्टी नाही, आणि असा कारखाना धोकादायक असतो तो अमोनिया, हायड्रोजनसाठी. खरा प्रश्न हरवलेल्या किरणोत्सारी स्रोताचा. रिफायनरी आणि पेट्रोकेमिकलच्या पाइपांची वेल्डिंग तपासायला इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी पदार्थ असलेले कॅमेरे शहराभोवती रोज फिरत असतात. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारवाल्यांकडे कोबाल्ट-६० सापडलं. विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं उपकरण त्यांनी फोडलं होतं. एक कामगार मरण पावला, अनेकांना गंभीर इजा झाली. तिथे ना भोंगा होता, ना १६ किलोमीटरचं वर्तुळ. एका डॉक्टरला जखमा भाजल्यासारख्या पण भाजल्याशिवायच्या दिसल्या आणि संशय आला, तेव्हा शोध सुरू झाला. म्हणून सयाजी रुग्णालयातल्या अपघात विभागाच्या तरुण डॉक्टरांना आणि छाणी, मकरपुऱ्याकडच्या भंगारवाल्यांना तीन पाकळ्यांचं पिवळं चिन्ह ओळखता आलं पाहिजे. शिशाचा जड डबा किंवा पेन्सिलीएवढा चकचकीत धातूचा तुकडा सापडला तर हात न लावता लांब व्हायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि ११२ ला कळवायचं.

व्याऱ्याला पुढच्या वेळी जाल तेव्हा बहिणीला घेऊन मामलतदार कचेरीत जा आणि चार गोष्टी विचारा: आपलं घर कोणत्या पाकळीत येतं, आपली जमायची जागा कोणती, गोळ्यांचा साठा कुठल्या आरोग्य केंद्रात आहे, आणि आपल्या फळियाला निरोप देण्याची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घाला. चौथ्या प्रश्नाला नावासकट उत्तर मिळालं तर त्या माणसाला घरी चहाला बोलवा, ओळख करून घ्या. नाव मिळालं नाही तर तिथेच लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. सोबत दूधमंडळीच्या सचिवांची सही घेतलीत तर अर्जाला जोर येईल.